संगणकाचा जुना गाभा

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील न्यायालयांच्या पडवींत तारखेसाठीं ताटकळणाऱ्या पक्षकारास आपल्या प्रकरणाची पुढील तारीख आतां बहुधा संगणकाच्या पडद्यावरून कळते. देशांतील जिल्हा व तालुका न्यायालयांकरितां ई-कोर्ट नांवाचा जो प्रकल्प २००७ सालीं सुरू झाला, त्याचें हें फळ होय. प्रकरणांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्याच्या शाखेंत घडली. आणि ती ज्या पायावर उभी राहावयाची तो पाया म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनें उबुंटू हें लिनक्सचें रूप पसंत केलें. न्यायाधीशांपासून लिपिकांपर्यंत सर्वांस त्याचे धडे देण्यांत आले. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमचें नांव शहरांतील कित्येक पदवीधरांच्या कानांवरूनहि गेलेलें नसतें, ती तालुक्याच्या गांवीं कोर्टाच्या टेबलावर जाऊन बसली, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं. तिची व्हावी तितकी चर्चा मात्र झाली नाहीं.

अशा एखाद्या संगणकावर सायंकाळीं नवें अपडेट चढतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लिपिक कळ दाबतो, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकतात, आणि 'कर्नल पॅनिक' एवढे शब्द उमटून यंत्र जागच्याजागीं गोठतें. लाखांदूरकडून पहांटेच्या एसटीनें आलेला शेतकरी बाहेर उभा असतो. त्याला कर्नल म्हणजे फौजेंतील अंमलदार एवढेंच ठाऊक, आणि त्यांत त्याचा कांहीं दोष नाहीं. हा प्रसंग संगणकाच्या जगांत नवा नव्हे. त्यास अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो चाळून पाहिला असतां एक गोष्ट पुन्हा पुन्हा दृष्टीस पडते: पडलेलें यंत्र ज्या उपायांनीं उठलें, ते बहुतेक सारे पडण्यापूर्वींच कोणीतरी करून ठेवलेले होते. पडल्यानंतर लढविलेल्या बुद्धीस यश आलें तें अशा पूर्वतयारीच्या आधारानेंच.

प्रथम शब्दाचा उलगडा करूं. कर्नल म्हणजे गर, गाभा. संगणकाच्या पोटांत एकाच वेळीं अनेक कामें चाललेलीं असतात. त्यांस स्मृतींतील जागा वांटून द्यावयाची, मुख्य प्रक्रियकाचा वेळ वांटून द्यावयाचा, डिस्कवर कोणी कोठें लिहावें तें ठरवावयाचें, कळफलक, पडदा, जाळें यांशीं बोलणें ठेवावयाचें, हीं सर्व कामें गाभ्याचीं. एखादा साधा प्रोग्रॅम बिघडला तर गाभा त्यास बाहेर काढतो व बाकीचा कारभार चालूं राहतो. पण गाभ्याच्याच हिशेबांत चूक निघाली तर तिची दाद मागावयास वर कोणी नाहीं. ज्या कारकुनास आपल्या वहीचीं पानें उलटसुलट झालीं असल्याचा संशय आला, त्यानें पुढची नोंद करण्याऐवजीं दौतीवर झांकण घालून स्वस्थ बसावें, हेंच शहाणपणाचें. तो लिहीत राहिला तर चांगलीं पानेंहि बिघडवील. गाभा गोठतो तो याच न्यायानें. पडद्यावरील तो भेसूर मजकूर आपत्तीचा असला तरी डिस्कवरील कागदपत्र वांचविणाराहि तोच असतो.

हा न्याय सर्वांनीं सुरवातीपासून मान्य केला होता असें मात्र नाहीं. १९६०च्या दशकांत अमेरिकेंत एमआयटी ही विद्यापीठसंस्था, जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल प्रयोगशाळा या तिघांनीं मिळून मल्टिक्स नांवाची एक भव्य प्रणाली रचावयास घेतली. तिचे कर्ते मोठे नेटके. यंत्रांत काय काय बिघडूं शकेल याचा विचार करून त्या प्रत्येक बिघाडांतून सांवरण्याची तजवीज त्यांनीं लिहून ठेविली. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळा त्या कामांतून बाहेर पडली, आणि त्याच वर्षीं तेथील केन थॉम्प्सन यांनीं एका लहानशा पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सचा आरंभ केला. मल्टिक्सचे एक जाणकार टॉम व्हॅन व्लेक यांनीं नमूद केलेली एक आठवण मजेची आहे. आपण लिहितों त्यांतील निम्मा भाग चुका सांवरण्यासाठींच असतो, असें त्यांनीं युनिक्सचे दुसरे जनक डेनिस रिची यांस सांगितलें. रिचींचें उत्तर असें कीं, तो सगळा भाग आम्हीं गाळून टाकला; चूक झाली कीं पॅनिक नांवाचा एक तुकडा चालतो, यंत्र पडतें, आणि मग दालनांत ओरडून कोणाला तरी तें पुन्हा सुरू करावयास सांगावयाचें.

हें ऐकून हंसूं येतें खरें. पण त्या उत्तरांत एक गृहीत आहे, तें असें कीं हांकेच्या अंतरावर कोणीतरी जाणता माणूस आहे. बेल प्रयोगशाळेंत तो होता. पुढें युनिक्सची संतति जगभर पसरली, यंत्रें लक्षांनीं व कोटींनीं मोजावीं लागलीं, आणि हांक ऐकणारा तेवढा मागें राहिला. आजच्या अडचणींचें मूळ पुष्कळसें येथें आहे, असें आमचें मत आहे.

पडलेल्या यंत्रास पुन्हा चालू करणें हें अर्धेंच काम. पडतेवेळीं डिस्कवर जें अर्धवट लिहिलें गेलें असेल त्याचें काय? पूर्वीं अशा वेळीं सबंध डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत तपासावी लागे, व डिस्क मोठी असली तर या तपासणींत तासच्या तास जात. यावर जो तोडगा निघाला तो आपल्या जुन्या पेढ्यांवरील मुनीमजींस सांगावा लागला नसता. ते व्यवहार होतांच तो आधीं रोजकीर्दींत टिपून ठेवीत, आणि मग सवडीनें खतावणींत चढवीत. मध्यें दिवा गेला तरी रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करतां येई. संगणकानेंहि तेंच केलें, आणि नांवहि तेंच घेतलें: इंग्रजींतील जर्नल म्हणजे रोजकीर्दच. लिनक्सच्या मुख्य गाभ्यांत ही सोय २००१ सालीं आली. पुढें ती इतकी अंगवळणीं पडली कीं वीज गेल्यावर संगणक मुकाट्यानें पुन्हा चालू होतो यांत कोणास नवल वाटेनासें झालें. महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांनीं त्या दशकांतील भारनियमनाचे दिवस काढले आहेत. त्यांस या रोजकीर्दीची किंमत कळावी.

घरगुती संगणकांच्या जगांत या विषयास निळा रंग चढला तो मायक्रोसॉफ्टमुळें. डेव्ह कटलर यांच्या देखरेखीखालीं लिहिलेली विंडोज एनटी १९९३च्या जुलैंत बाहेर पडली. तिचा गाभा कोसळला कीं पडदा निळा होई. १९९८च्या एप्रिलच्या २० तारखेस शिकागो येथील प्रदर्शनांत खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर, हजारों प्रेक्षकांच्या देखत, एक स्कॅनर जोडतांच नव्या विंडोज-९८चा पडदा निळा झाला, व गेट्स यांस त्यावर विनोद करून वेळ मारून न्यावी लागली. ही हकीकत सर्वत्र सांगतात. एनटींत पहिल्यापासून असलेल्या एका सोयीविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं, आणि आमच्या दृष्टीनें तिचें महत्त्व अधिक. यंत्र नीट सुरू होऊन माणूस आंत शिरला कीं त्या क्षणाची मांडणी बाजूस जपून ठेवली जाई; पुढें नव्या चालकामुळें (ड्रायव्हर म्हणतात तो; एकेका उपकरणाशीं बोलणारा गाभ्यांतील दुभाषा) यंत्र पडलें, तर 'शेवटची चाललेली मांडणी' निवडून मागें जातां येई. विंडोज-९५ मध्यें सेफ मोड आला, म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच चालकांनिशीं, बाकीचें बिऱ्हाड बाहेर ठेवून, यंत्र उठविण्याची रीत. २०००च्या विंडोज-एमई मध्यें सिस्टिम रिस्टोर आलें. नांवें निराळीं, तत्त्व एकच.

मात्र मागें गेलें म्हणजे सर्व काम झालें असें समजूं नये. २०१०च्या फेब्रुवारींत मायक्रोसॉफ्टनें गाभ्यांतील एक दोष दूर करणारें अपडेट पाठविलें, आणि विंडोज एक्स्पीच्या कित्येक यंत्रांचा पडदा निळा होऊन तीं पुन्हा उठेनात. लोकांनीं अपडेटास बोल लावला. जुन्या सीडीवरून यंत्र सुरू करून तें काढून टाकतांच यंत्रें चालूं लागलीं, त्यामुळें तो समज दृढच झाला. चौकशीअंतीं निघालें तें निराळें. त्या यंत्रांत अल्युरिऑन नांवाचा एक चोर आधींच गाभ्यापर्यंत शिरून बसला होता. गाभ्यांतील अमुक वस्तु अमुक ठिकाणीं असते हें त्यानें पाठ करून ठेवलें होतें. अपडेटनें वस्तूंच्या जागा हलल्या, चोर अंधारांत अडखळला आणि घर कोसळलें. अपडेट काढल्यावर घर उभें राहिलें, पण चोरासकट! या कथेचा शेवट अधिकच चमत्कारिक आहे: थोड्याच दिवसांत त्या चोराच्या कर्त्यांनीं आपल्या मालाचें नवें अपडेट काढलें, म्हणजे यंत्र न पडतां आंत राहतां यावें. जुना गाभा हा यंत्र उठविण्याचा उपाय आहे. यंत्र कां पडलें याचें उत्तर तो देत नाहीं.

आतां न्यायालयांतील उबुंटूकडे वळूं. कारण जुना गाभा जपण्याची युक्ति लिनक्सच्या मंडळींनीं जितक्या साधेपणानें साधली तितकी दुसऱ्या कोणीं साधली नव्हती. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स यानें १९९१ सालीं या गाभ्याचा आरंभ केला. पुढें त्याच्याभोंवतीं निरनिराळ्या मंडळींनीं जीं संपूर्ण घरें बांधलीं, त्यांतील उबुंटू हें २००४ सालचें. त्यांत नवा गाभा येतो तो जुन्याच्या अंगावर चढत नाहीं. प्रत्येक गाभ्याच्या नांवांतच त्याचा क्रमांक असतो, आणि ते डिस्कच्या बूट नांवाच्या कप्प्यांत शेजारीं शेजारीं राहतात. यंत्र सुरू होतांना ग्रब नांवाचा एक द्वारपाल असतो. एरवीं तो नव्यासच आंत सोडतो, पण त्याला अडवून जुन्याचें नांव सांगितलें तर तो जुन्यास बोलावतो.

अडवावयाचें कसें? यंत्र सुरू होतांना शिफ्टची कळ दाबून धरावी. नव्या धर्तीच्या यंत्रांवर एस्केपची कळ दाबावी. पडद्यावर यादी येते. तींतील दुसरी ओळ अधिक पर्यायांची असते. ती उघडली कीं उपलब्ध गाभे क्रमांकानिशीं दिसतात. वरचा सर्वांत नवा. त्याच्या खालचा, ज्याच्यापुढें 'रिकव्हरी' शब्द नाहीं असा, निवडावा. यंत्र त्यानें उठलें तर दोष नव्या गाभ्यांत किंवा त्याच्या मांडणींत आहे हें निश्चित झालें. त्यानेंहि न उठलें, कालपर्यंत बिनतक्रार चाललेला गाभाहि आज पडला, तर अपडेटास दोष देण्यापूर्वीं डिस्क व स्मृतीच्या पट्ट्या तपासाव्या. तेव्हां जुना गाभा यंत्र तर उठवितोच, शिवाय रोगाचें निदान करण्यासहि तो उपयोगी पडतो. हा त्याचा दुसरा गुण अनुभवी लोकच ओळखतात.

नवा गाभा कां पडतो याचीं कारणें पुष्कळ. तीं सर्व सांगत बसलों तर वाचक कंटाळतील. पण एक कारण फार वेळां भेटतें, आणि त्यांत विधात्याचा विनोद आहे, म्हणून तें सांगतों. गाभा जागा होतो तेव्हां त्यास डिस्क वाचावयाची असते. पण डिस्क वाचण्याचें ज्ञान ज्या चालकांत असतें ते स्वतः डिस्कवरच असतात. पेटीची किल्ली पेटींतच राहावी तसा हा प्रकार. म्हणून गाभ्याबरोबर एक लहानशी शिदोरी बांधून देतात. तींत डिस्क उघडण्यापुरते चालक असतात, आणि द्वारपाल दोहोंस एकत्रच आंत आणतो. ही शिदोरी प्रत्येक गाभ्यासाठीं निराळी बांधावी लागते. आतां बूटचा कप्पा लहान असला आणि जुने गाभे सांठून तो भरून गेला, तर नवा गाभा कसाबसा आंत शिरतो, पण शिदोरीस जागा उरत नाहीं. किंवा शिदोरी बांधतां बांधतां वीज जाते. दुसऱ्या दिवशीं गाभा जागा होतो, डिस्क सांपडत नाहीं, आणि तो गोठतो. म्हणजे जुनें जपण्याचा अतिरेक झाला तर त्यापासूनच अपघात होतो. उपाय असा: जुन्या गाभ्यानें आंत शिरून सर्वांत जुने, निरुपयोगी झालेले गाभे काढावे, चालता असलेला मात्र चुकूनहि काढूं नये, आणि नव्याची शिदोरी पुन्हा बांधावी. चित्राच्या कार्डाचा किंवा बिनतारी जाळ्याचा चालक बाहेरच्या कंपनीचा असला, तर तोहि प्रत्येक गाभ्यासाठीं नव्यानें घडवावा लागतो. हें काम आपोआप व्हावें म्हणून डेल कंपनीच्या लोकांनीं २००३ सालीं डीकेएमएस नांवाची तजवीज केली. तीहि कधीं कधीं फसते, आणि मग नव्या गाभ्यावर पडदा काळा व जुन्यावर लख्ख, असा देखावा दिसतो.

कोणताच गाभा उठत नसेल तर शेवटचा मार्ग म्हणजे बाहेरून येणें. पेन-ड्राइव्हवर आणलेल्या निराळ्याच उबुंटूनें यंत्र सुरू करावयाचें, आजारी डिस्क त्यास जोडावयाची, आणि मग 'चेंज रूट' या आज्ञेनें त्या डिस्कलाच आपलें घर मानून आंत शिरावयाचें. माणूस पाहुण्याच्या पायांनीं उभा असतो, पण हात घरच्या सामानावर चालतात. अर्धवट राहिलेलें अपडेट पुरें करावें, शिदोरी बांधावी, ग्रबची यादी नव्यानें लिहावी आणि पेन-ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करावें. ज्यानें हें एकदां केलें तो पुढें पडद्यावरील पांढऱ्या अक्षरांस भीत नाहीं.

बाहेरून येणें जेथें अगदीं अशक्य, अशा ठिकाणींहि एकदां हा प्रसंग ओढवला होता. २००४च्या जानेवारींत अमेरिकेचें स्पिरिट नांवाचें फिरतें यान मंगळावर उतरलें, आणि तीन आठवडे होण्यापूर्वींच त्याचा संगणक पुन्हा पुन्हा पडूं व उठूं लागला. साठांहून अधिक वेळां असें झालें. कारण निघालें तें आमच्या भरलेल्या बूट कप्प्याचें भाऊबंद: प्रवासांत सांठलेल्या फायलींनीं चिरस्मृति व्यापली होती, आणि त्यांच्या यादीपुरतीहि जागा यंत्रास मिळेना. पेन-ड्राइव्ह घेऊन तेथें कोण जाणार? पण यान घडवितांनाच त्याच्या कर्त्यांनीं एक आज्ञा ठेवून दिली होती कीं, ती पोंचली असतां यानानें त्या चिरस्मृतीस हात न लावतां, लंगडत कां होईना, उठावें. ती आज्ञा रेडिओनें गेली, यान उठलें, जादा फायली काढल्या, आणि फेब्रुवारीच्या आरंभीं तें पुन्हा कामास लागलें. नव्वद दिवसांसाठीं पाठविलेलें तें यान पुढें सहा वर्षें बोलत राहिलें.

मंगळावरील यंत्र पृथ्वीवरून उठलें. आणि वीस वर्षांनंतर पृथ्वीवरील लाखों यंत्रें, त्यांच्या मालकांच्या टेबलांवर असूनहि, दूर बसलेल्या कर्त्यांस उठवितां आलीं नाहींत. २०२४च्या जुलैची १९ तारीख, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटें झालीं असतां क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें आपल्या पहारेकरी सॉफ्टवेअरसाठीं एक लहानशी माहिती-फाईल जगभर पाठविली. हा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यांतच चालतो, आणि यंत्र सुरू होतांना अगदीं आरंभींच जागा होतो. नव्या फाईलमुळें तो एकविसावें मूल्य वाचावयास गेला. त्याच्या हातीं दिलेलीं मूल्यें वीसच होतीं. नसलेल्या जागेवर त्यानें हात घातला आणि गाभा कोसळला. यंत्र पुन्हा सुरू झालें कीं पहारेकरी पुन्हा प्रथम जागा होई, तीच फाईल वाची, आणि पुन्हा कोसळे. अठ्ठ्याहत्तर मिनिटांनीं कंपनीनें फाईल मागें घेतली. तोंपर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानें, ८५ लाख यंत्रें पडलीं होतीं. हा आंकडा जगांतील विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनहि कमी. पण विमानतळ, इस्पितळें, पेढ्या यांचींच तीं असल्यामुळें जग थांबल्यासारखें दिसलें. आपल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातीं शाईनें लिहिलेले बोर्डिंग पास पडले, इंडिगोचीं सुमारें दोनशें उड्डाणें रद्द झालीं. रिझर्व्ह बँकेनें दहा बँका व वित्तसंस्थांस किरकोळ त्रास झाल्याचें जाहीर केलें.

उपाय किती साधा! सेफ मोडमध्यें उठावें, पहारेकऱ्याच्या कप्प्यांत जावें, सी-०००००२९१ या अक्षरांनीं सुरू होणारी फाईल पुसावी, यंत्र पुन्हा सुरू करावें. पण जें यंत्र उठतच नाहीं त्यास हें जाळ्यावरून सांगणार कसें? प्रत्येक यंत्रासमोर माणूस बसावा लागला. त्यांतून डिस्क कुलूपबंद असेल तर अठ्ठेचाळीस आंकड्यांची किल्ली हवी, आणि कित्येक ठिकाणीं त्या किल्ल्यांचीं टिपणें ज्या सर्व्हरवर, तो सर्व्हरहि पडलेला. कांहीं यंत्रांच्या बाबतींत मायक्रोसॉफ्टनें असा सल्ला दिला कीं तीं पुन्हा पुन्हा, पंधरा वेळांपर्यंत, सुरू करून पाहावीं. एखादे वेळीं पडण्यापूर्वींच दुरुस्त फाईल उतरेल! इतक्या प्रगत शास्त्राचा हा सल्ला ऐकून आम्हांस गांवच्या मोटारीस धक्का देणाऱ्यांची आठवण झाली.

ही फाईल विंडोजसाठींच असल्यामुळें उबुंटूवर चालणाऱ्या न्यायालयीन यंत्रांस तिची बाधा होणें शक्य नव्हतें. पण यावरून लिनक्सवाल्यांनीं मिशीवर ताव देऊं नये. त्याच वर्षीं, थोडे महिने आधीं, याच पहारेकऱ्याच्या लिनक्स रूपामुळें कांहीं सर्व्हरांचे गाभे पडले होते. तेथें तो गाजावाजा झाला नाहीं, कारण यंत्रें थोडीं होतीं व तीं राखणारे लोक जाणते होते.

जाणता माणूस जवळ असण्याची ही गोष्ट भंडारा जिल्ह्यास परकी वाटूं नये. वैनगंगेच्या या मुलखांत कोहळी समाजानें व मालगुजारांनीं बांधलेले तलाव शेंकड्यांनीं आहेत, आणि धानाची शेती त्यांवर पोसलेली आहे. तलाव म्हणजे केवळ मातीची पाळ नव्हे. जादा पाणी निघून जावें म्हणून ठेवलेली वाट, जिला इकडे सलंग म्हणतात, ती मोकळी ठेवणें, पाळीस भोंक पडलें तर त्याच रात्रीं माती टाकणें, गाळ काढणें, हीं कामें गांवच्याच हातांनीं होत. १९५१ सालीं मालगुजारी रद्द झाली व तलाव सरकारच्या मालकीचे झाले. ती सुधारणा न्यायाची होती याबद्दल आम्हांस शंका नाहीं. पण पाळीवर रात्रीं माती कोणीं टाकावयाची हें पुरतेपणीं ठरलें नाहीं, आणि पुष्कळ तलाव गाळानें उथळ होत गेले. सत्ता दूर गेली कीं दुरुस्तीचा हातहि दूर जातो. संगणकाच्या बाबतींत हीच हकीकत घडण्यास शतक लागत नाहीं. एक सकाळ पुरते.

म्हणून सध्यां जे नवे उपाय निघत आहेत त्यांकडे आम्ही दोन्ही दृष्टींनीं पाहतों. फोनमध्यें २०१६च्या अँड्रॉइड-७ पासून गाभ्यासह सबंध प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आली: चालू प्रत एकीकडे, अपडेट दुसरीकडे, नवी उठली नाहीं तर फोन आपोआप जुन्या प्रतीवर जातो, व घरांतील मंडळींस कांहीं घडल्याचा पत्ताहि लागत नाहीं. ज्या फोनांत ही सोय आहे त्यांच्यापुरता तरी आमच्या जुन्या गाभ्याचा हा मोठाच विजय होय. मायक्रोसॉफ्टनें २०२४च्या घाल्यानंतर जो उपाय जाहीर केला व २०२५ सालीं विंडोज-११ मध्यें आणला, त्याची दिशा निराळी: पडलेलें यंत्र आपल्या राखीव लहानशा प्रणालींत उठतें, तेथूनच जाळें गांठतें, आणि दुरून पाठविलेलें औषध घेतें. त्याच वर्षीं निळ्या पडद्याचा रंगहि काळा करण्यांत आला. या औषधास जाळें हवें, आणि मुसळधार पावसांत लाखांदूरच्या कचेरींत जाळें असेलच असें नाहीं.

उबुंटूच्या बाबतींत अडचण याहून लहान आहे. नव्याची परीक्षा होईपर्यंत निदान एक जुना गाभा ती प्रणाली स्वतःच राखते. पण यंत्रावर ती एकटीच असली तर ग्रबची यादी पडद्यावर दाखविली जात नाहीं, आणि ज्यास शिफ्ट व एस्केपच्या कळा कोणीं सांगितल्या नाहींत त्याच्या लेखीं तो जुना गाभा असून नसल्यासारखा. यादी दहा सेकंद दिसावी यासाठीं ग्रबच्या मांडणींतील दोन ओळी बदलून एक आज्ञा चालवावी लागते. ती चालविण्यास यंत्राचा मुख्य परवलीचा शब्द लागतो, आणि तो लिपिकाजवळ नसतो. जिल्हा न्यायालयांस नेमून दिलेल्या सिस्टिम ऑफिसरांजवळ तो असतो. तालुक्याच्या ठिकाणच्या यंत्रांवर पावसाळ्यापूर्वींच एक फेरी घालून हें काम त्यांस उरकतां येण्याजोगें आहे.